बडोद्याहून क्रूझला निघताना: चौघांच्या कुटुंबाचं सामान कसं भरावं

क्रूझचं सामान भरताना एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करायची. रेल्वेत बॅग आपल्या बर्थखाली असते, हवी तेव्हा ओढून उघडता येते. क्रूझवर ती दोनदा आपल्या हातातून जाते: एकदा बंदरात शिरताना आणि दुसऱ्यांदा उतरायच्या आदल्या रात्री. त्या दोन वेळी कुठली वस्तू मोठ्या बॅगेत होती आणि कुठली खांद्यावर, यावर पहिली दुपार आणि शेवटची सकाळ सुखाची जाते की धावपळीची, हे ठरतं. पहिल्यांदा क्रूझला जाणारी बरीच कुटुंबं कपडे भरपूर घेतात आणि नेमकी ही वाटणी करायची विसरतात.

इथे उदाहरण म्हणून मुंबईहून निघून मुंबईलाच परतणारी ३ रात्री, ४ दिवसांची सहल धरली आहे. आई, बाबा, दहा वर्षांचं मूल आणि आजी असे चौघं. दिवस वाढले तर कपडे वाढतील, बाकीची यादी जवळपास तीच राहील.

महिनाभर आधी: कागद

देशातल्या देशात फिरणाऱ्या जहाजाला पासपोर्ट लागतोच असं नाही. सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं, लहान मुलांना आधार किंवा जन्मदाखला. कुठलं ओळखपत्र चालेल ते तिकिटासोबत आलेल्या कागदात लिहिलेलं असतं, तो भाग नीट वाचा. अडचण ओळखपत्र नसल्याची क्वचितच येते, ती नावाच्या तफावतीची येते, आणि बडोद्यातल्या मराठी घरांत ती हमखास सापडते. गुजरातमध्ये काढलेल्या कागदांवर अनेकदा आडनाव आधी येतं, नावाला ‘भाई’ किंवा ‘बेन’ जोडलेलं असतं. आधारवर ‘शुभांगीबेन’, पॅनवर ‘शुभांगी’ आणि तिकिटावर लग्नाआधीचं आडनाव, असे तीन प्रकार एकाच बाईंच्या कागदांवर असू शकतात. म्हणून बुकिंग करतानाच, जे ओळखपत्र बंदरावर दाखवणार तेच समोर ठेवून अक्षरन् अक्षर तसंच भरा. बुकिंग झालं असेल तर चौघांची नावं ओळखपत्रांशी ताडून पाहा आणि चूक सापडली तर लगेच एजंटला कळवा. निघायच्या दोन दिवस आधी ती दुरुस्त होईलच याची खात्री नसते.

आजी-आजोबांसाठी आणि घरात कुणी गरोदर असेल तर आणखी एक चौकशी करा. बहुतेक कंपन्या २४ आठवडे पूर्ण झालेल्या गरोदर बाईंना जहाजावर घेत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही नाही. वयोवृद्धांकडून तब्येतीचा फॉर्म किंवा डॉक्टरांचा दाखला मागितला जाऊ शकतो.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर क्रूझची तारीख ठरल्याबरोबर जाण्याची आणि येण्याची, दोन्ही तिकिटं काढून ठेवा. दिवाळीच्या सुमारास अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत झालेला असतो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्र खवळून सोडतात, तेव्हा पहिलीच सहल त्या काळात नको.

किती बॅगा?

चौघांना दोन मध्यम ट्रॉली बॅगा (२४ इंची), एक मोठी सॅक आणि आजींची एक छोटी पर्स. चार दिवसांना यापेक्षा जास्त लागत नाही.

हा आकडा ठरतो दोन कारणांनी. पहिलं मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. तिच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर असतं, त्यामुळे मोठी बॅग आत बसत नाही, ती टपावरच्या कॅरिअरवर जाते. चार मोठ्या बॅगा आणि चार माणसं म्हणजे दोन टॅक्स्या. दुसरं कारण केबिन. साधी केबिन साधारण दीडशे चौरस फुटांची, म्हणजे आपल्या घरातल्या एखाद्या लहान खोलीएवढी. त्यातच पलंग, कपाट आणि बाथरूम. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतो. रिकाम्या बॅगा आडव्या करून पलंगाखाली सरकवायच्या असतात, म्हणून कडक पाठीच्या उंच बॅगेपेक्षा कापडी बॅग सोयीची.

वाटणी अशी करा: एका बॅगेत एकाचे कपडे, दुसरीत दुसऱ्याचे, असं नको. दोन्ही बॅगांत चौघांचे थोडे थोडे कपडे घाला. एक बॅग केबिनपर्यंत पोचायला उशीर झाला तरी कुणीच कपड्यांशिवाय राहत नाही. प्रत्येकाचा जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत भरा आणि पिशवीवर मार्करने नाव लिहा. दोन्ही बॅगांचा आतून फोटो काढून ठेवा. पुढे काही सापडेनासं झालं तर कुठल्या बॅगेत होतं ते फोटोत दिसतं.

बॅगेला लावायचा टॅग बहुतेक वेळा तिकिटाच्या कागदासोबत छापायला येतो, त्यावर केबिन नंबर असतो. साधा कागद हमालांच्या हाताळणीत फाटतो. तो उभा चार घड्या करून पारदर्शक सेलोटेपने दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकून घ्या. मग हँडलमधून ओवून दोन टोकं एकमेकांवर ठेवा आणि स्टेपलरच्या तीन पिना मारा: दोन टोकांजवळ, एक मधे. एकच पिन मारली तर कागद फिरतो आणि पिनेच्या भोवतीच फाटतो. शिवाय बॅगेच्या आत, अगदी वर, नाव, मोबाइल आणि केबिन नंबर लिहिलेला एक कागद ठेवा. बाहेरचा टॅग निघाला तरी बॅग कुणाची ते या कागदावरून समजतं.

खांद्यावरची सॅक

बंदरावर मोठ्या बॅगा स्कॅन होऊन वेगळ्या वाटेने जातात आणि केबिनच्या दारात दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी येतात. तोवर चार ते सहा तास तुमच्याजवळ फक्त सॅक. तिच्यात काय हवं:

सगळी ओळखपत्रं आणि तिकिटं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, सोबत त्यांच्या झेरॉक्स. पूर्ण सहलीची औषधं, एकही गोळी मोठ्या बॅगेत नको. मुलाचा पोहण्याचा पोशाख आणि एक छोटा पंचा, कारण तलाव पहिल्याच दुपारी सुरू असतो आणि मुलाला थांबवणं अवघड. प्रत्येकाचा एक जोड कपडे. चष्मे, फोनचे चार्जर, पॉवर बँक. आजींची शाल. थोडी रोख रक्कम, कारण जहाजावरचा सगळा खर्च चढताना मिळणाऱ्या जहाजाच्या कार्डावर चढतो आणि शेवटी हिशोब होतो, पण टॅक्सी आणि हमाल रोख मागतात. मौल्यवान वस्तू शक्यतो घरीच ठेवा. मंगळसूत्र अंगावर असेल ते असेल, बाकी दागिन्यांचा डबा क्रूझवर नेण्यात अर्थ नाही.

कपडे

चार दिवसांचा हिशोब माणशी असा: दिवसाचे तीन जोड, संध्याकाळचे दोन, रात्रीचे दोन, आतले कपडे दिवसांपेक्षा दोन जास्त. मुलाचे आणखी दोन जोड, कारण आइस्क्रीम आणि तलाव दोन्ही जवळ असतात.

पोहण्याच्या पोशाखाबद्दल जहाजांवर कडक नियम असतो. नायलॉन किंवा लायक्राचाच हवा. सुती चड्डी, टी-शर्ट, पंजाबी ड्रेस घालून तलावात उतरू देत नाहीत. सुती कापडाचे धागे सुटून पाणी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये अडकतात, आणि जहाजावरचा तलाव छोटा असल्यामुळे त्याचा परिणाम लगेच दिसतो. मुलाचे दोन पोशाख घ्या, म्हणजे एक वाळत असताना दुसरा घालता येतो. आईला पोहायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख रावपुऱ्यात किंवा मंगळबाजारात सहज मिळतो. डायपरमधल्या बाळांना मुख्य तलावात बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत.

आतमध्ये एसी जोरात असतो. जेवणाच्या हॉलमध्ये आणि कार्यक्रमाच्या थिएटरात दोन तास बसायचं तर आजींना शाल आणि पायमोजे लागतातच, मुलाला पातळ स्वेटर. बाहेर डेकवर उलट परिस्थिती: ऊन आणि वारा. जहाज ताशी ३० किलोमीटरने चाललं असेल तर हवा अगदी पडलेली असली तरी डेकवर ताशी ३० किलोमीटरचा वारा लागतो, आणि समोरून वारा असेल तर तो त्यात मिळतो. म्हणून टोपी हनुवटीखाली बांधायच्या दोरीची हवी, साडीच्या पदराला आणि ओढणीला पिना हव्यात. मोकळी ओढणी डेकवर एकदा सुटली की ती समुद्रातच जाते.

बहुतेक सहलींत एक रात्र नटूनथटून जेवायची असते. आई-आजींना प्रत्येकी एक चांगली साडी पुरते. रेशमी साडीची घडी मधे जुनी सुती ओढणी घालून करा, चुण्या पडत नाहीत. बडोद्याचं मन गरब्यात असतं, त्यामुळे चनिया-चोळी न्यावीशी वाटणं साहजिक आहे. घेराची एक चनिया अर्धी बॅग व्यापते हे ध्यानात घेऊन घरात एकीचीच न्या, आणि तीही उलटी करून, घेर लांबट गुंडाळून जुन्या मोज्यात किंवा कापडी नळीत कोंबून. अशी गुंडाळली तर आरसे एकमेकांवर घासत नाहीत. बाबांना एक फुल शर्ट, एक फॉर्मल पँट आणि बंद बूट. कोटाची गरज नाही.

चपला-बुटांवर थोडं जास्त लक्ष द्या. डेक ओला असतो. आणि आतून बाहेर डेकवर जाणाऱ्या दारांना जमिनीपासून वर उचललेला पोलादी उंबरा असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. आपल्या वाड्यांच्या उंबऱ्यांची सवय असलेल्या आजी तो बरोबर ओलांडतात, मुलं मात्र धावताना अडखळतात. रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या सँडल सगळ्यांना हव्यात. उंच टाचांच्या चपला हलत्या फरशीवर धोक्याच्या. एकूण माणशी दोन जोड, तलावासाठी एक साधी स्लीपर.

घरी ठेवायच्या वस्तू

सामान स्कॅन झाल्यावर एखादी मनाई असलेली वस्तू दिसली तर बॅग बाजूला काढून ठेवतात आणि मालकाला बोलावतात. रात्री आठ वाजले तरी बॅग केबिनमध्ये आली नाही की बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. रिसेप्शनला फोन करून विचारा, मग ती उघडून दाखवून सोडवून आणावी लागते.

सर्वांत जास्त अडकतात त्या वस्तू म्हणजे इस्त्री, पाणी तापवायची केटली आणि रॉड, आणि एक्सटेन्शन बोर्ड. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी असते. शहरात अग्निशमन दल येतं, समुद्रात खलाशांनाच विझवावं लागतं. म्हणून तापणारी प्रत्येक वस्तू बंद. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरण वाचवणारा भाग) असलेल्या बोर्डाचं कारण थोडं वेगळं आहे: घरातल्या वायरिंगमध्ये एक तार न्यूट्रल असते, जहाजावर बहुधा दोन्ही तारांत दाब असतो आणि त्यांतली कुठलीच थेट जमिनीला जोडलेली नसते. घरासाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर अशा वायरिंगवर तापून पेट घेऊ शकतो. त्याऐवजी चार यूएसबी पोर्टचा साधा चार्जर घ्या.

निरांजन, उदबत्ती, कापूर, काडेपेटी, मेणबत्ती: यांतलं काहीच नको. केबिनमधल्या धुराच्या सेन्सरचा इशारा थेट जहाज चालवणाऱ्यांपर्यंत जातो. रोजची पूजा सोडवत नसेल तर छोटी मूर्ती आणि बॅटरीवर चालणारा दिवा न्या, त्याने कुणाची हरकत नसते. दिवाळीत जाणाऱ्यांनी फुलबाज्यांचं नावही काढू नये.

आजोबांचा पानाचा डबा असेल तर अडकित्ता घरी राहू द्या, सुपारी कातरून डबीत घ्या. मोठी कात्री, चाकू, फळं कापायची सुरी, ड्रोन, वॉकी-टॉकी हेही बाहेर. लहान नेलकटर चालतो.

खाण्याचं काय? घरी बनवलेलं अन्न बहुतेक जहाजं आत घेत नाहीत, कारण एका डब्यातून पोट बिघडलं तर बंद जहाजावर ते शेकडो लोकांत पसरू शकतं. थेपले, सुकी बटाट्याची भाजी, लीलो चिवडो ही शिदोरी ट्रेनमध्येच संपवायची. लीलो चिवडो तर तसाही मऊ आणि दमट, दोन दिवसांत त्याची चव जाते. कारखान्यात बंद केलेली पाकिटं काही जहाजं चालू देतात, काही नाही. बाळाचं बंद डब्यातलं खाणं मात्र बहुतेक ठिकाणी चालतं. उपवास, जैन जेवण, कांदा-लसूण नको, असं काही असेल तर बुकिंग करतानाच लिहून द्या. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते.

दारू न्यायची नाही, हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. परतताना मात्र लोक चुकतात. गोव्यात किंवा जहाजावरच्या दुकानात घेतलेली बाटली परवान्याशिवाय गुजरातच्या हद्दीत आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती भेट असो वा सीलबंद.

बोट लागणं आणि औषधांचा डबा

डोळ्यांना केबिन स्थिर दिसते, कानातला तोल सांभाळणारा भाग मात्र हलतंय असं सांगतो. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. म्हणून केबिनमध्ये पडून फोन बघणं सर्वांत वाईट. डेकवर येऊन क्षितिजावर नजर ठेवली की डोळे आणि कान यांचं जुळतं. केबिन निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची घ्या. मधोमध टेकवलेल्या सी-सॉच्या फळीसारखंच, टोकांना हेलकावा जास्त आणि मधे कमी.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. प्रोमेथाझिनची २५ मिलिग्रॅमची गोळी साधारण एक-दोन तास आधी घेतात, सिनारिझिनचंही तसंच. दोन्हींनी झोप येते. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देत नाहीत. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. निघण्याच्या आठवडाभर आधी घरच्या डॉक्टरांकडे जाऊन चौघांचा डोस लिहून घ्या, आणि शक्य असेल तर एका सुट्टीच्या दिवशी घरीच एक गोळी घेऊन पाहा, कुणाला किती झोप येते ते समजतं. सोबत बंद पाकिटातली आलेपाक किंवा आल्याच्या गोळ्या ठेवा. पोट रिकामं ठेवू नका, साधी बिस्किटं मळमळीत पोटाला आधार देतात.

बाकी डबा असा: रोजच्या औषधांचे सहलीपेक्षा दोन दिवस जास्तीचे डोस, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. घरी आपण गोळ्या कापून डबीत भरतो. इथे ते टाळा, तपासणीत नाव दिसायला हवं. पॅरासिटामॉल, मुलाचं तापाचं सिरप, पोट बिघडल्याची गोळी, बँडएड, खाजेचं मलम. क्षारांच्या भुकटीची (ओआरएस) सहा मोठी पाकिटं. एक मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायचं. पेल्यात अर्धं पाकीट टाकून दाट पाणी केलं तर जुलाब वाढू शकतात, म्हणून एक लिटरची रिकामी बाटली सोबत असू द्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी: केबिनचा फ्रिज बऱ्याचदा पेयं गार ठेवण्यापुरताच असतो. वापरात असलेली कुपी किंवा पेन एसीच्या थंड खोलीत साधारण चार आठवडे टिकतं (आपल्या पाकिटावरची सूचना पाहून घ्या). न उघडलेली जास्तीची कुपी वैद्यकीय कक्षात ठेवायला द्या. सुया कचरापेटीत टाकू नका, कर्मचाऱ्यांकडे सुयांचा डबा मागा.

हात धुण्याबद्दल एक कळकळीची सूचना. जहाजावर पसरणारे उलट्या-जुलाबांचे काही विषाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाहीत, साबण आणि वाहतं पाणी लागतं. मुलांना बुफेकडे सोडण्याआधी साबणाने हात धुवायला लावा. कागदी साबणाची छोटी डबी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा.

बाथरूम, वीज, फोन

जहाजाचा संडास हवेच्या दाबाने ओढून घेणारा असतो. पाइप अरुंद असतात, आणि ओला वाइप, सॅनिटरी पॅड, कापूस असं काही टाकलं तर आसपासच्या अनेक केबिनचे संडास एकदम बंद पडू शकतात. फक्त जहाजावर दिलेला टॉयलेट पेपर टाकायचा. आणि जेट स्प्रे असेलच असं नाही. आपल्या लोकांची ही मोठी अडचण, पण तिच्यावर उपाय सोपा आहे: अर्धा लिटरची दाबायची प्लॅस्टिकची बाटली, झाकणाला तीन-चार भोकं पाडलेली, किंवा हलका प्लॅस्टिकचा टमरेल. आजींसाठी तर हे विसरूच नका.

केबिनमध्ये प्लगचे सॉकेट एक-दोनच असतात. अनेक जहाजांवर ते चपट्या दोन पिनांचे ११० व्होल्टचे आणि गोल दोन पिनांचे २२० व्होल्टचे असतात. फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो दोन्हींवर चालतो. दाढीच्या मशीनवर फक्त २२० लिहिलेलं असेल तर ते ११०च्या सॉकेटवर नीट चालत नाही. एक बहुदेशी अडॅप्टर पुरे. आपला तीन पिनी प्लग तिथे बसत नाही.

केबिनच्या भिंती पोलादी असतात, म्हणून लोहचुंबकाचे हुक अत्यंत उपयोगी. सहा हुक घ्या: टोप्या, ओले पंचे, आजींची पिशवी, कार्डांच्या दोऱ्या, सगळं भिंतीवर जातं आणि छोटी खोली मोकळी राहते. कपडे बाल्कनीत वाळत टाकायला मनाई असते, बाथरूममध्ये बऱ्याचदा दोरी असते. दोन-तीन क्लिपा आणि कपडे धुवायची छोटी वडी न्या.

किनाऱ्यापासून दूर गेलं की आपलं नेटवर्क जातं, आणि फोन आपोआप जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला लागू शकतो. ते रोमिंग खूप महाग पडतं. जहाज सुटताच चौघांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका. फोनशिवाय एकमेकांना शोधायचं तर भेटण्याची एक जागा आणि वेळ ठरवा, आणि केबिनच्या टेबलावर एक वही-पेन ठेवा: कोण कुठे गेलं, कधी परत येणार, ते लिहून जायचं. मुलाचं कार्ड गळ्यातल्या दोरीत अडकवा.

लक्षद्वीप आणि सिंगापूर

लक्षद्वीपला थांबा असेल तर प्रवेशाचा परवाना लागतो, तो बुकिंगसोबत काढला जातोय का ते विचारा. पाण्यात चालायला रबरी बूट घ्या, पोवळ्यांनी पाय कापतो आणि जखम लवकर भरत नाही. पोवळ्यांचे तुकडे उचलून आणू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती संरक्षित आहेत.

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझसाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध हवा, आणि सिंगापूरचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा, कारण जहाज पेनांग किंवा फुकेतला जाऊन पुन्हा सिंगापूरलाच येतं. एकदाच प्रवेश असलेला व्हिसा पहिल्याच दिवशी संपून जातो. सिंगापूरचं आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. चघळायची तंबाखू, गुटखा, च्युइंगम आणि ई-सिगारेट तिथे नेता येत नाहीत. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत.

निघण्याचा दिवस

मुंबईला आदल्या दिवशीच पोचा. बडोदा ते मुंबई सेंट्रल ३९२ किलोमीटर, पण गाडी दोन तास लेट झाली तर जहाज थांबत नाही. जहाज बॅलार्ड पिअरहून निघतं. तिथलं जवळचं मोठं स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि आपल्या गाड्या तिथे जात नाहीत. म्हणून मुंबई सेंट्रलला येणारी गाडी घ्या. बोरिवली किंवा वांद्र्याला उतरलात तर बॅगांसकट शहर ओलांडावं लागतं. रात्रीची गाडी सोयीची वाटते, पण त्याच दुपारी जहाज असेल तर वृद्धांची झोप मोडून दिवस लांब होतो.

जहाजावर चढल्यावर सुटण्याआधी किंवा सुटताच सुरक्षेची कवायत होते. सात लहान आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये नसेल तर त्याच वेळी मागून घ्या. रात्री झोपताना आजींचे बूट, चष्मा आणि औषधांचा डबा एकाच पिशवीत, पलंगाच्या डोक्याशी ठेवा.

शेवटची रात्र

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट बंदराच्या शेडमध्ये मिळतात. इथे ठरलेली चूक होते: उत्साहाने सगळं भरलं जातं आणि सकाळी एखाद्याकडे फक्त रात्रीचा पायजमा उरतो. म्हणून बॅगा भरण्याआधी चौघांचे सकाळचे कपडे, चपला आणि आतले कपडे सॅकमध्ये आधी घाला, ओळखपत्रं, औषधं, चार्जर, दात घासायचं सामान त्यांच्या वर. तीन-चार रात्रींच्या सहलीत स्वतःची बॅग स्वतः घेऊन उतरण्याची मुभा असते का ते रिसेप्शनला विचारा. असेल तर आणि आजींना चालण्याचा त्रास नसेल तर तेच बरं.

ओले पोशाख जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, बॅगेच्या मधे. तिजोरी उघडून पाहा, पलंगाखाली टॉर्च मारून पाहा, हुक काढा. हुक सर्वांत जास्त विसरले जातात. परतीची गाडी संध्याकाळची ठेवा, जहाज लागायला आणि रांगा सरकायला दुपार होऊ शकते. शेडमध्ये बॅगा उचलल्यावर आतला नावाचा कागद उघडून बघा आणि मगच टॅक्सी बोलवा. एकसारख्या निळ्या ट्रॉली बॅगा तिथे डझनभर असतात.